फुफ्फुसाच्या प्लेन एमआरआयला नवीन मशीन लागत नाही, लागतो तो वेळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या आरोग्याच्या पानावर लहान मुलांच्या फुफ्फुसाच्या एमआरआयची बातमी आली, इंजेक्शन नाही, रेडिएशन नाही, मूल नुसतं झोपून श्वास घेतं आणि हवा कुठे जातीये रक्त कुठे जातंय ते दिसतं वगैरे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या सेंटरचा फोन थांबेना. मी नाशकात एका खासगी सेंटरवर एमआरआय टेक्निशियन आहे, बरीच वर्षं हेच काम करतीये. ओझरहून, सिन्नरहून, सिडकोतून आया विचारतायत, ताई ते बिनसुईचं फुफ्फुसाचं तुमच्याकडे होतं का, किती पैसे पडतील, आणि आमची रिसेप्शनवरची मुलगी बिचारी नाही नाही सांगून दमली. बातमी खोटी नव्हती हे आधीच सांगते. पण अर्धी होती. वाचणाऱ्याचा समज असा झाला की परदेशात कुठलं तरी कोट्यवधीचं नवीन मशीन निघालंय आणि ते आपल्याकडे यायला अजून कैक वर्षं जातील. तसं नाहीये. त्यात मशीन नवीन नाहीच. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, कापलं तरी चालेल पण शेवटी आरोग्य विद्यापीठाबद्दल लिहिलंय तेवढं कापू नका.

आधी हे की फुफ्फुस आणि एमआरआय यांचं कधी जमलंच नाही. एमआरआय बघतं पाणी, म्हणजे पाण्यातला हायड्रोजन. मेंदू, गुडघा, मणक्यातली गादी, सगळीकडे पाणी भरपूर म्हणून चित्र झकास येतं. फुफ्फुस म्हणजे हवा, आणि हवेच्या अवतीभवती पातळ पडदे. त्याची घनता इतर अवयवांच्या पाचव्या भागाइतकी, आणि श्वास भरून घेतला की त्याहूनही कमी. त्यात आणखी भानगड अशी की हवा आणि पेशी जिथे जिथे चिकटून असतात तिथे चुंबकीय क्षेत्र थोडं थोडं वाकडं होतं, आणि फुफ्फुसात अशा जागा कोट्यवधी, त्यामुळे जो काही सिग्नल येतो तो १.५ टेस्लाच्या मशीनवर (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप) एक-दोन मिलिसेकंदात मरतो. वर छाती हलते, हृदय हलतं. म्हणून आमच्या स्क्रीनवर छातीचा एमआरआय काढला की मणका छान, हृदय छान आणि दोन्ही बाजूला काळी पोकळी. शिकताना आम्हाला सरळ सांगितलं होतं की लंग्ज बघायचे तर सीटी, विषय संपला.

आणि इथे एक गंमत आहे, गंगापूर रोडपासून मुंबई नाक्यापर्यंत थ्री टेस्लाचे बोर्ड बघणाऱ्यांसाठी. फुफ्फुसाच्या बाबतीत मोठं चुंबक म्हणजे चांगलं असं अजिबात नाही, उलट चुंबक जितकं ताकदवान तितका तो सिग्नल लवकर मरतो. थ्री टेस्लावर तर मिलिसेकंदही धड मिळत नाही. गेल्या काही वर्षांत कंपन्यांनी ०.५५ टेस्लाची नवीन मशीन काढली आणि फुफ्फुसवाले संशोधक त्यांच्या मागे लागले ते याचसाठी. (याचा अर्थ गावोगावची जुनी ओपन मशीन चालतील असा कोणी घेऊ नका, ती फार हळू फोटो काढतात.) साधं १.५ टेस्लाचं मशीन, जे नाशकात आहेच, ते या कामाला पुरतं.

मग बदललं काय? बदलला तो फोटो काढायचा आणि नंतर वाचायचा हिशोब. मूल नेहमीसारखा श्वास घेतंय, त्याला रोखून धर असं कोणी सांगत नाही, आणि मशीन छातीच्या एकाच स्लाइसचे, म्हणजे एका पातळ कापाचे, भराभर फोटो काढतं, सेकंदाला तीन-चार, साधारण मिनिटभर. एकेक फोटो बघाल तर फालतू दिसतो, धुरकट. पण सगळे ओळीने लावले की दिसतं की श्वास आत घेतला की फुफ्फुस फुगतं, तेवढंच पाणी जास्त जागेत पसरतं आणि चित्र किंचित काळवंडतं, श्वास सोडला की किंचित उजळतं. हे झालं श्वासाचं, मिनिटाला वीस-पंचवीस वेळा. त्याच्यावर आणखी एक बारीक थरथर असते ती हृदयाची, प्रत्येक ठोक्याला ताजं रक्त त्या स्लाइसमध्ये येतं आणि सिग्नल हलतो, हे मिनिटाला नव्वद-शंभर वेळा. आता मिरवणुकीत नाशिक ढोल वाजतो तेव्हा ढोलाचा संथ ठोका आणि ताशाची कडकड दोन्ही एकदमच कानावर येतात तरी आपण डोळे मिटून सांगतो ढोल कुठला आणि ताशा कुठला, कारण दोघांची लय वेगळी. कॉम्प्युटर फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यावर हेच करतो. संथ लय वेगळी काढली की हवेचा नकाशा, जलद लय वेगळी काढली की रक्ताचा नकाशा. एकाच मिनिटाच्या फोटोंमधून दोन्ही. डाय (म्हणजे फोटो उजळावा म्हणून शिरेतून देतात ते इंजेक्शन) नाही, गॅस नाही, काही नाही.

अर्थात मधे एक किचकट काम असतं. श्वासाबरोबर फुफ्फुस वरखाली होतं, म्हणजे या फोटोतला ठिपका पुढच्या फोटोत दुसऱ्याच जागी गेलेला असतो, तर आधी सगळे फोटो एकमेकांवर बरोबर बसवून घ्यावे लागतात आणि खरी मेहनत तिथेच आहे. आणि लहान मुलाची नाडी जलद असते हे विसरून चालत नाही, शंभरची नाडी म्हणजे सेकंदाला दीडच्या वर ठोके, तिथे सेकंदाला तीनच फोटो काढले तर हिशोब चुकतो आणि रक्ताच्या नकाशात भलतंच काहीतरी उमटतं.

ही कल्पना काही कालची नाही. जर्मनीत हायडेलबर्गला २००९ साली हे फूरियरच्या गणिताने (एकत्र मिसळलेल्या लयी वेगळ्या काढायचं गणित) करून दाखवलं, ग्झेगोश बाउमन आणि मंडळींनी. पुढे हेच बाउमन स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला गेले आणि २०१७ मध्ये त्यांनी लय वेगळी काढायची आणखी पक्की पद्धत आणली. २०१८ मध्ये हॅनोव्हरच्या गटाने प्रेफुल नावाची पद्धत काढली (आपल्याकडचं नाव वाटतं, पण लांबलचक इंग्रजी नावाचं ते लघुरूप आहे), त्यात फोटो श्वासाच्या आणि ठोक्याच्या टप्प्याप्रमाणे लावून एक अख्खा श्वास जोडून दाखवतात, म्हणजे हवा नुसती गेली की नाही एवढंच नाही, कुठे उशिरा गेली तेही कळतं. बर्नमध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुफ्फुसात चिकट कफ साचत राहतो असा जन्मजात आजार) मुलांवर या पद्धती वापरून बरंच काम झालंय, आणि फुंकून करायच्या तपासण्यांशी ते बऱ्यापैकी जुळतं असं त्यांना दिसलं.

फुंकून करायच्या तपासणीवरून सांगते. बालदम्याच्या किंवा सारखा न्यूमोनिया होणाऱ्या पोराचं फुफ्फुस किती चालतंय हे आज कसं बघतात? स्पायरोमेट्री. जोरात श्वास घे, एकदम फूक, फूक फूक फूक, थांबू नकोस. पाच-सहा वर्षांखालच्या पोराला हे जमत नाही, आणि ज्याला जमतं त्याचाही एकच आकडा येतो अख्ख्या छातीचा मिळून. डाव्या फुफ्फुसाचा खालचा कोपरा बंद पडलाय आणि बाकीचं भरून काढतंय, अशा वेळी आकडा नॉर्मल येऊ शकतो. नकाशात तो कोपरा काळा दिसतो. शिवाय शरीराची एक हुशारी आहे, जिथे हवा पोचत नाही तिथला रक्तपुरवठा ते स्वतःच कमी करतं, म्हणून दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की दोष खरा आहे का फोटोची गडबड आहे याचा अंदाज डॉक्टरांना येतो.

आता सुईचं. आमच्या रोजच्या कामातला सगळ्यात वाईट भाग विचाराल तर पोराची शीर शोधणं. तीन-चार वर्षांचं गुबगुबीत मूल, आई हात धरून, बाप पाय धरून, सिस्टर मनगटावर टिचक्या मारून शीर वर येते का बघतीये, आणि मूल रडून लाल. पंधरा किलोच्या पोराला डाय जाते कितीशी, नेहमीच्या गॅडोलिनियमची ३ एमएल. तेवढ्यासाठी हा सगळा गोंधळ. आणि एकदा मूल असं रडलं की अर्धा-पाऊण तास त्याचा श्वास जागेवर येत नाही, हुंदके देत राहतं, म्हणजे ज्या श्वासाची लय मोजायची तीच आपण बिघडवून ठेवली. इंजेक्शन नसण्याचा फायदा फक्त डाय टळण्यापुरता नाही, मूल शांत राहतं हा जास्त मोठा फायदा आहे, हे आमच्यासारख्या कन्सोलवर बसणाऱ्यांना विचारा.

डायबद्दल घाबरवायचं नाहीये मला. मेंदूतली गाठ, इन्फेक्शन, तिथे डाय लागते म्हणजे लागते आणि डॉक्टरांनी लिहिली तर नाही म्हणू नका. पण २००६ नंतर किडनी फार खराब असलेल्या पेशंटना काही प्रकारच्या डायमुळे त्वचा आखडण्याचा गंभीर आजार होतो हे कळलं, मग वारंवार डाय दिलेल्यांच्या मेंदूत गॅडोलिनियमचा थोडा अंश राहतो असं दिसलं, आणि २०१७ साली युरोपच्या औषध नियामकांनी लिनियर प्रकारातल्या काही डाय थांबवल्या. त्या अंशाने मेंदूला इजा होते असं सिद्ध झालेलं नाही, पण ज्या पोराला दर सहा महिन्यांनी तपासायचंय त्याला उगाच कशाला द्यायची, हा साधा विचार आहे.

आणि लोकांचं म्हणाल तर उलटंच चालतं. प्लेन, म्हणजे बिनडायचा, एमआरआय म्हटलं की नातेवाईकांचा चेहरा पडतो. "ओ ताई, डायवालाच करा, पैशाचं बघू आम्ही." जास्त पैसे म्हणजे जास्त दिसणार, साधं म्हणजे अर्धवट, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की काही जण डॉक्टरांकडे परत जाऊन चिठ्ठी बदलून आणतात. डायने कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं आणि कुठल्या नाही हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. इथे तर प्लेनमधूनच हवा आणि रक्त दोन्ही मिळतंय.

सीटीचंही तसंच. मोठ्या माणसाच्या छातीच्या सीटीत साधारण ६-७ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं माप) डोस जातो, छातीच्या एक्स-रेत ०.१ च्या आसपास, पोरांना डोस कमी करून देतात पण एक्स-रेपेक्षा तो कितीतरी पट राहतोच. ब्रिटनमध्ये लहानपणी सीटी झालेल्या मुलांचा मोठा अभ्यास २०१२ साली लॅन्सेटमध्ये आला, त्यात ल्युकेमिया आणि मेंदूच्या गाठीचा धोका थोडा वाढलेला दिसला. थोडा, म्हणजे एकेका मुलामागे फारच कमी, आणि सीटीने जीव वाचतात ते वेगळंच. पण जुनाट छातीचं मूल एकदा सीटी करून सुटत नाही, त्याला वाढेपर्यंत सारखं बघत राहावं लागतं, आणि अशा वेळी नंतरच्या तपासण्या एमआरआयवर गेल्या तर बरं नाही का.

झेनॉनबद्दल तुमच्या बातमीत दोन ओळी होत्या, त्याही गोंधळ करणाऱ्या. ती वेगळी पद्धत. त्यात पेशंटला खास तयार केलेला झेनॉन गॅस हुंगायला देतात आणि काही सेकंद श्वास रोखायला लावतात, अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये १२ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्यांसाठी मंजूर झाली. चित्र सुरेख येतं, पण गॅस तयार करायचं वेगळं यंत्र लागतं, वेगळी कॉइल (छातीवरून सिग्नल पकडणारा भाग) लागते, मशीनमध्ये बदल लागतात. ते नाशकात यायची वाट बघायची तर बघा.

आता बिनडायच्या पद्धतीला लागतं काय ते बघा. जे जलद सीक्वेन्स (म्हणजे फोटो काढायच्या ठरलेल्या रीती) वापरतात त्यातला एक प्रकार आमच्या मशीनमध्ये रोज चालतो, कंपनीप्रमाणे नाव वेगळं, कोणाचा ट्रू-फिस्प, कोणाचा फिएस्टा, कोणाचा बॅलन्स्ड एफएफई. हृदयाला, पोटाला आम्ही तो मारतोच. छातीसाठी त्याचे आकडे बदलून घ्यावे लागतात, जास्त जलद करावा लागतो, ते रेडिऑलॉजिस्ट आणि कंपनीचा ॲप्लिकेशनवाला बसले तर होतं. दहा-बारा स्लाइस, प्रत्येकी मिनिट, मधलं इकडचं तिकडचं धरून अर्ध्या तासात मूल बाहेर. पुढचं काम कॉम्प्युटरवर, मशीन अडवून ठेवायची गरज नाही.

त्या अर्ध्या तासातही अडचणी आहेत, त्या बातमीत नव्हत्या. मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, कानात बोळे आणि वर हेडफोन लावला तरी मूल दचकतं. गुंगी दिली तर मूल हलत नाही, पण गुंगीत खोल झोपलेल्या पोराचं पाठीकडचं फुफ्फुस थोडं दबतं आणि नकाशात खोटाच दोष दिसू शकतो, म्हणजे आपण आजार बघायला गेलो आणि भूल बघून आलो. म्हणून तान्ह्या बाळाला दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, झोपलं की आत घ्यायचं, आणि सहा-सात वर्षांच्या पोराला आधी रिकाम्या टेबलावर चढवून, आवाज मोबाईलवर ऐकवून, आईला शेजारी उभं करून तयार करायचं. मधलं वय कठीण, दीड ते चार, त्या वयाला माझ्याकडेही इलाज नाही. आणि धातू! आपल्याकडच्या पोरांच्या अंगावर काय काय निघतं. कमरेला चांदीचा करदोटा, त्याचा फासा कुठल्या धातूचा देव जाणे, दंडाला ताईत, पायात वाळे, झबल्याला आतून सेफ्टी पिन लावलेली नजर लागू नये म्हणून. करदोटा काढायला आजी तयार होत नाहीत, "तो जन्मल्यापासून काढला नाही ओ", मग आजींना बाहेर नेऊन, चहा देऊन समजवायचं की आत गेल्यावर तो तापू शकतो किंवा ओढला जाऊ शकतो, आणि शेवटी करदोटा आजींच्याच पदराला बांधून द्यायचा, तेव्हा कुठे काम सुरू होतं. लोकांना हे नखरे वाटतात. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरलेला एक तरुण जिवानिशी गेला, ते आमच्या धंद्यात कोणी विसरलेलं नाही.

ज्यांनी ज्यांनी फोन केले त्यांच्यासाठी हेही लिहिते, कारण फोनवर एवढं बोलायला वेळ नसतो. साध्या सर्दी-खोकल्याला, नुसत्या घरघरीला, वर्षातून एकदा छाती भरते त्याला एमआरआय लागत नाही. टीबीचा संशय असेल तर बेडका किंवा लहान मुलाच्या पोटातलं पाणी काढून तपासतात, त्याला हा पर्याय नाही. दम्याचं निदान डॉक्टर छाती ऐकून, तुमचं ऐकून आणि पंपाने फरक पडतो का बघून करतात. फुफ्फुसाची बारीक रचना बघायची तर सीटीच पुढे आहे. हा एमआरआय कामाचा तो कोणाला, तर ज्याचा आजार लांबलाय, ज्याला वारंवार बघायचंय, जन्मतः काही दोष आहे, महिने भरायच्या आधी जन्मून बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेलं बाळ, न्यूमोनियानंतर एखादा भाग वाया गेलाय का अशी शंका असलेलं मूल, सिस्टिक फायब्रोसिस असलेलं मूल. आणि युरोपातसुद्धा हे अजून बरंचसं संशोधनातच आहे, प्रत्येक गटाचं सॉफ्टवेअर वेगळं, दोष किती टक्के म्हणजे जास्त याच्या रेषा वेगवेगळ्या. मूल पाठीवर झोपलेलं असतं आणि नुसतं झोपल्यानेही हवा आणि रक्त मागे-पुढे कमीजास्त होतं, ते धरून वाचावं लागतं. म्हणून उद्यापासून कुठलं सेंटर पॅकेज काढून हे विकायला लागलं तर आधी विचारा रिपोर्ट कोण वाचणार आणि कशाशी ताडून वाचणार.

कशाशी ताडून, यावरच माझं सगळं घोडं अडलंय. आपल्या मुलांचे नकाशे नॉर्मल कसे दिसतात हे ठरवायला आपल्याच मुलांचे स्कॅन लागणार. हायडेलबर्गच्या किंवा बर्नच्या पोरांचे आकडे घेऊन पेठ-सुरगाण्याच्या पोराला लावता येणार नाहीत, तिथे घरात चूल आहे, वजन कमी आहे, लहानपणी न्यूमोनिया होऊन गेलेला असतो आणि कागद एकही नसतो. निफाडकडे द्राक्षाच्या फवारण्या आणि हिवाळ्यात एक आकडी तापमान, सातपूर-अंबडला कारखाने, शहरात आता २०२७ च्या सिंहस्थासाठी जागोजागी खोदलेले रस्ते आणि त्याची धूळ. स्वच्छ हवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या यादीत नाशिक आहे. कशाने कोणाचं किती बिघडतंय हे मी सांगणारी कोण, पण मोजायला जागा हवी तर याहून योग्य जागा शोधून सापडणार नाही.

आणि महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ कुठे आहे? पुण्यात नाही, मुंबईत नाही, आपल्या दिंडोरी रोडला म्हसरूळला आहे, १९९८ पासून. राज्यभरातली मेडिकल कॉलेजं त्याच्याखाली. एमडी रेडिऑलॉजी आणि एमडी पीडियाट्रिक्सची मुलं दरवर्षी प्रबंधाला विषय शोधतात आणि तेच तेच विषय फिरवून घेतात (कोणाला राग आला तर येऊ दे, टायपिंगला आलेले प्रबंध मी बघितलेत). पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची डिग्रीही तिथूनच मिळते. इंजिनीअरिंग कॉलेजांना नाशकात तोटा नाही, शेवटच्या वर्षाची पोरं चेहरा ओळखून हजेरी लावायचा प्रोजेक्ट किती वर्षं करणार, फोटो एकमेकांवर बसवणं आणि लय वेगळी काढणं हा अस्सल प्रोजेक्ट आहे आणि त्याचं गणित छापील लेखांत उघड पडलंय. मग हे तिघं एका टेबलावर का बसत नाहीत?

खासगी सेंटर स्वतःहून हे करणार नाही, हे मी आतली म्हणून सांगते. आमचा हिशोब स्लॉटवर चालतो. अर्ध्या तासात एक गुडघा किंवा एक कंबर होते, त्याचा ठरलेला रेट आहे, रिपोर्टचा ठरलेला साचा आहे. फुफ्फुसाच्या नकाशाला ना रेट, ना इन्शुरन्सचा कोड, ना रिपोर्टचा साचा, वर पोराला समजवण्यात गेलेला वेळ वेगळा. मालकाला दोष देत नाही मी, मशीनचा हप्ता आणि मेन्टेनन्सचा करार त्याला चुकत नाही. पण रविवारी दुपारनंतर बऱ्याच ठिकाणी मशीन नुसतंच थंड होत बसलेलं असतं, चुंबक तर चोवीस तास चालूच असतं, ते बंद करता येत नाही. तेवढा वेळ विद्यापीठाने मागून घेतला, एथिक्स कमिटीची परवानगी, आईबापांची लेखी संमती वगैरे रीतसर करून, तर पहिले काही महिने निरोगी मुलांचे स्कॅन आणि मग हळूहळू आजारी मुलांचे, एवढ्यावर सुरुवात होते. सरकारी दवाखान्याच्या मशीनवर आधीच रांग असते, तिथे आणखी ओझं टाकू नये असं माझं मत, पण रेफर करणारे बालरोगतज्ज्ञ तिथलेच असावेत, नाहीतर सुरगाण्याचं पोर यात येणारच नाही, येतील ती कॉलेज रोडचीच. एसटीचं भाडं आणि आईच्या बुडालेल्या रोजाचे पैसे प्रकल्पात आधीच धरा, हे मोठे लोक नेहमी विसरतात.

तर संपादक साहेब, तुमच्या बातमीदाराने परदेशातली बातमी आणली ते छान केलं, आता त्यालाच म्हसरूळला पाठवा. तीन गोष्टी विचारायच्या, असा विषय कोणी प्रबंधाला मागितलाय का, मागितला तर गाइड व्हायला कोण तयार आहे, आणि खासगी सेंटरचा रिकामा वेळ वापरायला विद्यापीठाच्या नियमात काही आडवं येतं का. उत्तर छापा, काहीही आलं तरी. हो म्हणाले तर रविवारच्या स्लॉटला कन्सोलवर मी बसते, पगार नको, आणि आमच्या मालकांशीही मीच बोलते.

आपली,
एक एमआरआय टेक्निशियन
इंदिरानगर, नाशिक